भंगाराचा भाव आणि दुरुस्तीचे मोल

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या शिवारात वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. त्या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. साखर करता करता तेथील कामगार साखर कारखान्याची यंत्रेच घडवू लागले आणि ही कारागिरी पुढे अणुभट्ट्यांच्या व अग्निबाणांच्या भागांपर्यंत पोचली. हा इतिहास त्या पट्ट्यात सर्वांस ठाऊक आहे. त्याची एक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे दुरुस्तीची. नीरा डाव्या कालव्याच्या परिसरातील कोणताही साखर कारखाना घ्यावा, भवानीनगरचा, माळेगावचा की सोमेश्वरचा. गळीत हंगाम संपला की तेथे मिल उघडल्या जातात. रोलरवरील झिजलेल्या खाचा लेथवर पुन्हा कापल्या जातात. कवच फारच झिजले असेल, तर त्याच दांड्यावर नवे कवच चढवले जाते. पंप, झडपा, बेअरिंगे यांची तपासणी होते, आणि कोणता भाग आणखी एक हंगाम काढील व कोणता काढणार नाही याचा निर्णय फिटर देतो. त्याच्या शब्दाला कारखान्यात वजन असते. सगळी मिल वितळवून पुढच्या हंगामासाठी नवी ओतावी, असे कोणी सुचविले, तर सभासद त्याला सर्वसाधारण सभेतून उठवून लावतील.

अशाच एखाद्या फिटरच्या घरी फळीवर दोन मोबाईल संच पडलेले असतात. एकाची बॅटरी फुगलेली, दुसऱ्याचा पडदा तडकलेला. शेजारी बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स, दोन चार्जर, आणि मुलीला बारावीनंतर घेऊन दिलेला, आता ‘फार हळू चालतो’ म्हणून बाजूला ठेवलेला लॅपटॉप. कारखान्यात ज्याने चाळीस वर्षे जुना पंप चालू ठेवला, तो घरी पाच वर्षांच्या यंत्रापुढे हात टेकतो. यात त्याच्या कौशल्याची उणीव नाही. कारखान्यातील यंत्राचे आराखडे उपलब्ध असतात, सुटे भाग मिळतात वा घडवता येतात, आणि ते यंत्र उघडण्याची कोणाला बंदी नसते. हातातील यंत्राच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी त्याच्यापासून काढून घेतलेल्या आहेत. आणि मग त्याला सांगितले जाते, की हे यंत्र टाकून द्या, जबाबदारीने टाका, त्याचे पुनर्चक्रण होईल.

पुनर्चक्रण म्हणजे वस्तू फोडून, दळून, वितळवून तिच्यातील धातू परत मिळवणे. गेली काही वर्षे ई-कचऱ्याचा प्रश्न निघाला, की उत्तर म्हणून हा एकच शब्द पुढे केला जातो. त्याची गरज कोणी नाकारणार नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादेत तारा जाळून आणि पाट्या आम्लात बुडवून धातू काढणाऱ्या मजुरांनी आपल्या फुप्फुसांच्या मोलाने हा उद्योग कसा चालविला, हे आता लपून राहिलेले नाही. सुरक्षित भट्टी त्या जागी यावी, हे योग्यच. परंतु जी वस्तू अजून मेलेली नाही तिला भट्टीकडे घाईने पाठविण्याची व्यवस्था, आणि ती व्यवस्था म्हणजेच पर्यावरणरक्षण अशी समजूत, या दोन्ही गोष्टी तपासून पाहावयास हव्यात.

कायदा काय मोजतो, हे प्रथम पाहावे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले. सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२मध्ये अधिसूचित झाले असून १ एप्रिल २०२३पासून अमलात आहेत. उत्पादकाने बाजारात आणलेल्या मालाच्या ठराविक हिश्श्याइतक्या मालाचे पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत कारखान्याकडून विकत घ्यावयाची, अशी ही रचना आहे. हा हिस्सा ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८पासून ८० टक्क्यांवर जातो. प्रमाणपत्र मिळते ते सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या हिशेबाने. वस्तू चालत होती की नव्हती, तिची दुरुस्ती होण्यासारखी होती की नव्हती, हा प्रश्न या हिशेबात येत नाही. तिचे वजन किती आणि तिच्यातून धातू किती निघाला, एवढेच येते.

नियमांत दुरुस्तीला जागाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुना माल नीट करून विकणाऱ्याची नोंदणी होते. त्याच्या प्रमाणपत्राने उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्या मालापैकी ७५ टक्केच त्याच्या खात्यावर धरला जातो. कल्पना चांगली आहे. पण ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर, कागदपत्रांनिशी, विवरणपत्रे भरून करावयाची आहे. ती करणार कोण? शहरातील जुन्या मोबाईलांचा घाऊक व्यापार करणारी भांडवलदार कंपनी करील. कळंब, निमगाव केतकी किंवा सणसरच्या रस्त्यावर दहा फुटांच्या गाळ्यात बसलेला मेकॅनिक करणार नाही. त्याने वर्षाकाठी वाचविलेली शेकडो यंत्रे कोणत्याही हिशेबात धरली जाणार नाहीत.

मग पैसा कोठे वाहतो, ते पाहणे उद्बोधक आहे. २०२४ साली सरकारने घरगुती ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणासाठी किलोमागे किमान २२ रुपयांचा दर ठरवून दिला. तो जास्त वाटला म्हणून काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. वस्तू व सेवा कराच्या रचनेत भंगारात निघालेल्या ई-कचऱ्यावर आणि दुरुस्तीच्या सेवेवर सारखाच १८ टक्के कर आहे. लहान दुकानदार उलाढालीच्या मर्यादेमुळे नोंदणीबाहेर राहतो हे खरे. पण तो जे सुटे भाग विकत घेतो त्यांवरचा कर त्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जातो. म्हणजे वस्तू मारणाऱ्याला अनुदान, आणि वस्तू जगवणाऱ्यावर मात्र भंगाराइतकाच कर. अशी उलटी नीती जाणूनबुजून कोणी आखली असेल, असे मानण्याचे कारण नाही. दुरुस्ती हा उद्योग आहे हेच करनीती ठरविणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

अर्थशास्त्राच्या जुन्या भाषेत बोलावयाचे, तर वस्तूला एक उपयोगमूल्य असते आणि एक विनिमयमूल्य. अर्ध्या आयुष्याचा संगणक भंगाराच्या काट्यावर ठेवला, की त्याचे उपयोगमूल्य शून्य होते आणि उरते ते धातूंचे विनिमयमूल्य. त्या संगणकाचे खरे मोल धातूंत नसतेच. वाळूपासून सिलिकॉन, सिलिकॉनपासून चकती, चकतीवर सूक्ष्म रेषांचे जाळे, या दीर्घ साखळीतील ऊर्जा, पाणी आणि माणसांचे श्रम यांत ते असते. स्मार्टफोनच्या संपूर्ण आयुष्यात जे कर्ब उत्सर्जन होते, त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग तो गिऱ्हाइकाच्या हाती येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. फोन वितळवून तांबे मिळेल, सोन्याचा कण मिळेल. चकतीवरील जाळे परत मिळणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. ज्या दुर्मीळ मृदा धातूंसाठी राष्ट्राराष्ट्रांत चुरस चालू आहे, त्यांच्या मागणीपैकी जेमतेम एक टक्का पुनर्चक्रणातून भागतो, हेही त्याच अहवालात आहे. तेव्हा भट्टी कितीही चांगली बांधली, तरी ती पुष्कळसे गमावूनच थोडेसे परत देते.

आता गावाच्या बाजूने हा व्यवहार पाहावा. गावातून भंगार उचलणारा फेरीवाला किलोवर पैसे देतो, नाहीतर कांदे-लसूण, प्लास्टिकची बादली. तेथून माल तालुक्याच्या गोदामात जातो, तेथून पुण्याला, पुढे कोठे कोणास ठाऊक. प्रत्येक टप्प्यावर भाव वाढतो आणि वाढलेला भाव त्या टप्प्यावरच राहतो. गावात उरते ती बादली. आणि नवा संच घेताना गावातून पुन्हा दहा-पंधरा हजार रुपये बाहेर जातात, बहुधा हप्त्याने, व्याजासह. याउलट दुरुस्तीसाठी दिलेल्या पैशातील मजुरीचा भाग गावातच फिरतो.

हे काही स्वप्नरंजन नाही. ज्या एका यंत्राच्या बाबतीत ते गेली कित्येक दशके प्रत्यक्षात आहे, ते यंत्र या पट्ट्यात प्रत्येक विहिरीवर आहे. शेतीपंपाची मोटर जळणे ही बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याच्या आयुष्यातील नित्याची घटना. रात्रीचा वीजपुरवठा, पडलेला दाब, एखादा फेज गेलेला. सकाळी मोटर मोटरसायकलवर बांधून वाईंडिंगच्या दुकानी. तेथे जळालेले वेटोळे कापून काढतात, त्याच्या तारेची जाडी आणि फेरे मोजतात, खाचांत नवा कागद घालतात, तितक्याच फेऱ्यांचे नवे वेटोळे भरतात, त्यावर व्हार्निश देऊन ते सुकवतात. पाण्यात बुडणारी मोटर असेल, तर प्लास्टिकच्या वेष्टणाची तार वापरतात. जुने तांबे वजन करून बिलातून वजा होते. म्हणजे पुनर्चक्रण येथेही आहेच. पण ते फक्त जळालेल्या तांब्याचे. ओतीव कवच, लोखंडी गाभा, दांडा हे सारे परत विहिरीवर जाते. वाईट हाताने भरलेली मोटर वीज जास्त खाते, हा दोषही आहे. पण ही मोटर भरता येते याचे कारण साधे आहे. तिच्यात काही कुलूपबंद नाही. कोणत्या कंपनीची आहे यावाचून कोणाचे अडत नाही. तार बाजारात मिळते, बेअरिंग प्रमाणित मापाचे असते, आणि विद्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांचेही एके काळी असेच होते. रेडिओच्या जमान्यात अनेक संचांच्या आतल्या बाजूस त्याच्या मंडलाचा आराखडा चिकटविलेला असे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून तालुक्याच्या गावी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पुढे दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारी एक पिढीच तयार झाली. आजचा मोबाईल मेकॅनिक हा तिचाच वारस आहे. गरम हवेची गन, सूक्ष्मदर्शक आणि केसाएवढे टाके घालण्याचा हात, एवढ्या भांडवलावर तो कंपनीच्या अधिकृत केंद्राने ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ म्हणून परत पाठविलेला संच चालू करून देतो. त्याच्या टेबलाखाली मेलेल्या फोनांचा एक डबा असतो. कायद्याच्या भाषेत तो ई-कचरा. मेकॅनिकच्या दृष्टीने ते सुट्या भागांचे कोठार. एकातील कॅमेरा, दुसऱ्यातील चार्जिंगची पट्टी, तिसऱ्यातील एखादे आयसी, असे घेऊन चौथा संच जिवंत होतो. हा डबा किलोच्या भावाने भट्टीकडे गेला, की त्या दुकानात पुढच्या महिन्यात न जगणाऱ्या फोनांची संख्या वाढते.

असा चौथा संच काय करू शकतो, याची आठवण फार जुनी नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत शाळा बंद होत्या आणि शिक्षण मोबाईलवर आले होते. घरातील एकमेव फोन वडील कामावर घेऊन जात, तेथे मुलांचा वर्ग रात्री भरत असे. ज्या घरात दुरुस्त केलेला दुसरा फोन होता, त्या घरातील मुलाचे वर्ष वाचले. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर फडावर आलेल्या मुलांपैकी किती जणांना तेवढेही मिळाले नाही, हा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जुन्या वस्तूला नवे काम देण्याची बुद्धीही शेतकऱ्यास शिकवावी लागत नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरण विकसित केले. विहिरीवरील पंप घरबसल्या मोबाईलवरून सुरू वा बंद करता यावा, रात्रीच्या अंधारात साप-विंचवाच्या वाटेने जाण्याची शेतकऱ्याची यातायात वाचावी, हा त्यामागील हेतू. त्याच्या सुरुवातीच्या रूपात पंपाच्या पेटीशी एक साधा मोबाईल संच जोडलेला असे. पाठोपाठ गावोगावच्या इलेक्ट्रिशियनांनी बटणांच्या जुन्या फोनचा उपयोग करून आपापले स्वस्त ‘मोबाईल ऑटो’ बनविले. ज्या फोनचे आवरण फुटले, पडदा गेला, पण आवाज ऐकू येतो, तो बोलण्यासाठी निकामी. पंप सुरू करण्यासाठी मात्र पुरेसा. वस्तूचा शेवट कोठे होतो हे ती कोणत्या कामाला लावता यावर ठरते, हे या पेट्यांतून दिसते. तडकलेल्या पडद्याचा स्मार्टफोन गोठ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा होऊ शकतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतील काही घट शाबूत असतात. तपासून वेगळे काढले, तर ते दिव्यास पुरतात. ही तपासणी मात्र जाणकारानेच करावयाची असते. फुगलेल्या वा जखमी घटाशी खेळ केल्यास आग लागते, आणि तशा घटाची जागा पुनर्चक्रणाच्या डब्यातच आहे.

सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तेथे वस्तू लोकांच्या पैशाची असते. २०१५नंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. ग्रामस्थांनी हजार-पाचशे रुपये काढून प्रोजेक्टर, संगणक, मोठे पडदे आणले. त्यांतील बरेचसे साहित्य आज कपाटात आहे. प्रोजेक्टरचा दिवा गेला. संगणकाची एखादी पट्टी सैल झाली. इन्व्हर्टरची बॅटरी संपली. गुरुजी ते उघडून पाहावयास धजत नाहीत, कारण वस्तू डेड स्टॉक रजिस्टरवर आहे. दोन बंद संगणकांतून एक चालू करावयाचा, तर नोंदीतील दोनाचे एक कसे झाले, याचे उत्तर कोण देणार? म्हणून दोन्ही बंद राहतात, निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहतात आणि शेवटी वजनावर लिलावात निघतात. ज्या ग्रामस्थाने वर्गणी दिली त्याच्या नातवाला तो संगणक कधी हाताळावयास मिळत नाही. येथे दोष ना शिक्षकाचा, ना अधिकाऱ्याचा. दोष आहे त्या नोंदवहीच्या कल्पनेचा. टेबल-खुर्च्यांसाठी बनविलेली ही नोंदवही यंत्राला फक्त दोन अवस्था मानते, आहे आणि निर्लेखित. दुरुस्त झाले, भाग काढून दुसऱ्यात घातले, अशी अवस्था तिच्यात नाही. एक रकाना वाढविला, तर शेकडो शाळांतील कपाटे उघडतील.

त्यातच आता कंपन्यांच्या निर्णयाने चालती यंत्रे जुनी ठरविली जात आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पैसे भरून वा अटी मान्य करून काही काळ मुदतवाढ मिळते, एवढेच. पुढची प्रणाली साधारण २०१७पूर्वीचे बहुतेक संगणक स्वीकारत नाही. म्हणजे ज्या यंत्रात एकही भाग मोडलेला नाही, असे कोट्यवधी संगणक एका तारखेने भंगाराच्या वाटेला लागले. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी जिनीव्हात एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले होते. त्यासाठी त्यांना कारखान्यात तार बदलावी लागली. आता दूरवरून आज्ञा बदलली की काम होते. या संगणकांवर मुक्त स्वरूपाची लिनक्स प्रणाली घातली, तर ते लेखन, हिशेब, शिक्षण यांसाठी आणखी काही वर्षे उत्तम चालतात. केरळने गेली दोन दशके आपल्या सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर चालवून दाखविले आहे. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली देशाला दिली, पण महाराष्ट्रातील शाळांत ती शोधावी लागते.

पुनर्वापराच्या नावाखाली होणारा अन्यायही सांगितला पाहिजे. श्रीमंत देशांनी ‘वापरलेला माल’ म्हणून जहाजे भरून पाठविलेल्या यंत्रांतून घानातील अक्रा शहराची आग्बोग्ब्लोशी ही वस्ती धुरात बुडाली. हीच प्रवृत्ती लहान प्रमाणात आपल्याही घरी आहे. शहरातील कार्यालयाने संगणक बदलावयाचे, जुने एखाद्या खेड्यातील शाळेला ‘भेट’ द्यावयाचे, फीत कापावयाची, छायाचित्र काढावयाचे. सहा महिन्यांत ते बंद पडतात आणि विल्हेवाटीचा खर्च व बोजा शाळेवर येतो. असे दान हे कचरा हलविण्याचा स्वस्त मार्ग आहे. पुनर्वापर तेव्हाच न्याय्य, जेव्हा देणारा यंत्र तपासून, नीट करून, काही मुदतीच्या हमीने देतो, आणि ते संपल्यावर परत नेण्याचे बंधन स्वतःवर घेतो. आणखी एक गोष्ट. काही यंत्रे खरोखरच निवृत्त करावीत अशी असतात. वीस वर्षांचा फ्रीज दुरुस्त करून गरिबाच्या माथी मारणे म्हणजे त्याच्या वीजबिलावर कायमचा कर बसविणे होय. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचात शिसे असते. तो परसात फोडण्यापेक्षा योग्य कारखान्यात गेलेला बरा. विवेक हवा, आणि तो विवेक यंत्र उघडून पाहणाऱ्याजवळच असू शकतो.

उलट अर्थाचे उदाहरणही समोरच आहे. राज्यात दोन कोटींहून अधिक वीजमीटर बदलण्याचे काम २०२३मध्ये कंपन्यांना देण्यात आले. भिंतीवरून उतरलेल्या मीटरांपैकी कितीतरी अचूक चालत होते. त्या बदलाच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी. परंतु उतरलेल्या चालू मीटरांचे काय होणार, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारलाच नाही.

खरा कसोटीचा काळ मात्र पुढे आहे. पंधरा वर्षांपूर्वी शेतात इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे फार तर स्टार्टरमधील एखादी पट्टी. आज बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला असून, मातीतील ओलावा मोजणारे संवेदक आणि हवामान केंद्रे फडात उभी राहत आहेत. पाण्याची व खताची बचत होत असेल, तर प्रयोग स्वागतार्ह आहे. त्याचबरोबर २०२४पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना चालू आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरावयाचे. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादार कंपनीची. पंपाबरोबर येते ती नियंत्रकाची पेटी, म्हणजे सौर पट्ट्यांतून आलेली वीज मोटरीला मानवेल अशी करून देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. सौर पट्ट्या पंचवीस वर्षे चालू शकतात. नियंत्रकाचे आयुष्य तेवढे नसते. सहाव्या वर्षी ती पेटी बंद पडली म्हणजे काय होणार? वाईंडिंगवाला मोटर भरून देईल, पण नियंत्रकाचा आराखडा त्याच्याजवळ नाही, त्यातील आज्ञावलीला परवलीचा शब्द आहे, आणि पेटी बनविणारी कंपनी तोवर निविदांच्या बाजारातून बाहेर गेलेली असू शकते. चालत्या पट्ट्या आणि चालती मोटर यांच्यामध्ये एका मुक्या पेटीसाठी उभे पीक वाळेल. सौर पट्ट्यांचा कचरा २०२२च्या नियमांत समाविष्ट केलेला आहे; पण तो मेल्यानंतरच्या व्यवस्थेसाठी. जिवंत ठेवण्याची व्यवस्था कोणी केली?

दुरुस्तीच्या हक्काची भाषा दिल्लीत उच्चारली गेली आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेतीयंत्रे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांसाठी संकेतस्थळही सुरू झाले. तेथे कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षेला कायद्याचे बळ नाही. सप्टेंबर २०२४मध्ये दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी आणखी एक समिती झाली. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१पासून वस्तूच्या किमतीशेजारी छापणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देशच काढला. ऑस्ट्रियाने २०२२मध्ये विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, २०० युरोंच्या मर्यादेपर्यंत, सरकारी तिजोरीतून देण्याची योजना सुरू केली. ज्या देशांत मजुरी महाग आहे त्यांना दुरुस्ती टिकविण्यासाठी अनुदान द्यावे लागते. आपल्याकडे कौशल्य आणि माणसे दोन्ही आहेत. अनुदानाचीही फारशी गरज नाही. आराखडा, सुटे भाग आणि कुलपाची किल्ली एवढेच हवे.

आणि हवी कामाला मान्यता. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली तेव्हा डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरावेचक स्त्रियांना प्रथम ‘कामगार’ म्हणवून घेतले. ओळखपत्र आले, पुढे २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि शहराच्या व्यवस्थेत त्यांना जागा मिळाली. गावोगावच्या मेकॅनिकांना अशी संघटना नाही. त्यांची नोंद दुकानदार म्हणून होते, कारागीर म्हणून नव्हे. ई-कचऱ्याच्या धोरणात तर ते ‘असंघटित क्षेत्र’ या शब्दाखाली प्रदूषण करणाऱ्यांबरोबर मोजले जातात. टाका घालणारा आणि आम्ल ओतणारा यांत फरक करावयास धोरण शिकलेले नाही. तालुक्यातील मेकॅनिकांची सहकारी संस्था झाली, तर नोंदणी, विवरणपत्रे, सुट्या भागांची एकत्र खरेदी हे सारे तिच्या आवाक्यात येईल. जिने ऊस उत्पादकांची सहकारी चळवळ पाहिली आहे त्या भूमीला हे अवघड वाटू नये. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना कारखान्यात उमेदवारी मिळते तशी या दुकानांत मिळावी, आणि त्या काळातील विद्यावेतन सरकारने द्यावे.

सौर पंपांचा प्रश्न मात्र संस्था उभी राहीपर्यंत थांबणारा नाही. २०२४मध्ये बसविलेल्या पंपांची पाच वर्षांची मुदत २०२९मध्ये संपू लागेल. पुढच्या निविदा निघतील, तेव्हा त्यांत दोन अटी घालता येतात. नियंत्रकाचा आराखडा आणि परवलीचा शब्द मुदत संपताच शेतकऱ्याच्या हवाली करावा. आणि सुटे भाग आणखी दहा वर्षे तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या किमतीस मिळतील याची बँक हमी द्यावी. पैसे बहुतांशी सरकारचे असल्याने अटी घालण्याचा अधिकारही सरकारचाच आहे. इंदापूर आणि बारामतीच्या पंचायत समित्यांनी तसा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठविण्यास आजही काही अडचण नाही.